ऊर्जेच्या वहीतली तूट

शाळेत पाठ केलेलं एक वाक्य बहुतेकांना आजही घडाघडा म्हणता येईल. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही. एका प्रकारच्या ऊर्जेचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर होतं आणि एकूण ऊर्जा तेवढीच राहते. उदाहरणादाखल धरणाचं पाणी, टर्बाइन, वीज, दिवा. दोन गुण मिळाले, विषय संपला.

आज मी तुम्हाला अशा काळाबद्दल सांगणार आहे, जेव्हा हे वाक्य खोडून टाकायची तयारी खुद्द नील्स बोरने केली होती. बोर म्हणजे अणूच्या रचनेबद्दल १९२२ चं नोबेल मिळवलेला माणूस, कोणी ऐरागैरा नव्हे. आणि त्याच्याकडे कारणही होतं. प्रयोगशाळेत ऊर्जेचा हिशेब खरोखरच जुळत नव्हता. माझं पीएचडीचं काम बीटा-क्षयाशी संबंधित आहे, त्यामुळे या काळातला बराच पत्रव्यवहार आणि निबंध वाचावे लागतात. ते वाचताना एक शंका पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. तीच आधी मांडते.

नियम की हातचलाखी?

समजा, एखाद्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार दरवर्षी सांगतो की ताळेबंद पैशापर्यंत जुळला. तुम्ही वही उघडून बघता, तर काय दिसतं? जिथे जिथे तूट आली, तिथे तिथे त्याने एक नवं खातं उघडलंय आणि नेमकी तेवढीच रक्कम त्यात दाखवलीय. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवाल का?

आता ऊर्जेचा इतिहास बघा. चेंडू वर फेकला की त्याची गती कमी होत जाते. मग ऊर्जा गेली कुठे? आपण म्हणतो, स्थितिज ऊर्जेच्या खात्यात. जमिनीवर घरंगळत जाऊन चेंडू थांबला, तर उष्णतेच्या खात्यात. पुढे रासायनिक, विद्युत, प्रकाश, आणि १९०५ नंतर तर वस्तुमानसुद्धा एक खातं झालं. तूट आली की नवं खातं! मग हा निसर्गाचा नियम म्हणायचा की हिशेब जुळवायची युक्ती?

या शंकेला एकोणिसाव्या शतकात एक चोख उत्तर मिळालं होतं. मँचेस्टरजवळच्या एका मद्य उत्पादकाचा मुलगा, जेम्स जूल. वजनं खाली सोडायची, त्यांच्या दोरीने पाण्यातली वल्ह्यासारखी पाती फिरवायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं, हा त्याचा प्रयोग तुम्ही पुस्तकात चित्रासह पाहिला असेल. पण पुस्तकात बहुधा हे सांगत नाहीत की जूल पाण्यावर थांबला नाही. त्याने पाण्याऐवजी पारा घेतला. मग बिडाच्या तबकड्या एकमेकींवर घासून बघितल्या. १८५० मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधात सगळ्या पद्धतींनी आलेले आकडे ७७२ ते ७७५ च्या दरम्यान आहेत (त्याच्या फूट-पौंडांच्या मापात). आजच्या भाषेत सांगायचं, तर एक किलो पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला एक किलोचं वजन सुमारे ४२७ मीटर खाली यावं लागतं.

मुद्दा लक्षात आला का? जूलने 'हरवलेली गती उष्णतेत गेली' एवढंच म्हटलं असतं, तर तो खजिनदारच ठरला असता. पण त्याने विनिमयाचा दर काढला. पाणी असो, पारा असो, बीड असो, दर तोच. नवं खातं उघडायला हरकत नाही, पण तिथली रक्कम दुसऱ्या स्वतंत्र वाटेनेही तेवढीच यायला हवी. ही अट ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच अटीभोवती फिरते.

१९१४: टेकडीसारखा आलेख

किरणोत्सारी अणूंमधून तीन प्रकारचे किरण बाहेर पडतात: अल्फा, बीटा आणि गॅमा. बीटा किरण म्हणजे वेगाने बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन. एक केंद्रक फुटून दुसरं तयार होतं, तेव्हा दोघांच्या ऊर्जेतला फरक ठरलेला असतो. मग बाहेर पडणाऱ्या कणाची ऊर्जाही ठरलेलीच असायला हवी. अल्फाच्या बाबतीत तसं होतंही. एका जातीच्या अणूतून निघणाऱ्या अल्फा कणांची ऊर्जा मोजली की ठरावीक आकडेच मिळतात.

बीटाचंही असंच असणार, असं सगळे धरून चालले होते. १९१४ मध्ये बर्लिनला हान्स गायगरच्या प्रयोगशाळेत आलेल्या जेम्स चॅडविक नावाच्या तरुण इंग्रजाने फोटोच्या काचेऐवजी कण मोजणारं उपकरण वापरलं, आणि वेगळंच चित्र दिसलं. इलेक्ट्रॉन शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत वाट्टेल त्या ऊर्जेचे येत होते. आलेख काढला तर तो एका रेषेसारखा उभा नव्हता, टेकडीसारखा पसरलेला होता.

लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं. शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून चॅडविकला बर्लिनजवळच्या रूलेबेनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नजरकैदेत टाकलं आणि चार वर्षं तो तबेल्यात राहिला. पण तिथेही या गृहस्थाला चैन पडेना. त्या काळी जर्मनीत थोरियम घातलेली टूथपेस्ट मिळायची, तीच किरणोत्साराचं साधन म्हणून वापरून त्याने तबेल्यात प्रयोग केले. त्याच छावणीत चार्ल्स एलिस नावाचा एक ब्रिटिश लष्करी विद्यार्थी अडकला होता. सुट्टीसाठी जर्मनीत आला आणि सापडला. चॅडविकच्या नादाने तो लष्कर सोडून भौतिकशास्त्राकडे वळला. बीटाच्या कोड्याचा पुढचा अंक याच एलिसने केंब्रिजमध्ये रंगवला.

१९२७: किती तापलं ते बघा

युद्धानंतर वाद पेटला. एका बाजूला बर्लिनच्या लीझ माइट्नर, दुसऱ्या बाजूला एलिस. माइट्नरबाईंचं म्हणणं असं: सगळे इलेक्ट्रॉन केंद्रकातून निघतात सारख्याच ऊर्जेने, पण बाहेर येताना वाटेत अणूंना धडकतात, गॅमा किरण निर्माण करतात आणि थोडीफार ऊर्जा गमावतात. म्हणून मोजताना ते वेगवेगळे दिसतात. एलिसचं म्हणणं: नाही, ते जन्मतःच वेगवेगळ्या ऊर्जेचे असतात.

हा वाद नुसत्या युक्तिवादाने सुटणारा नव्हता. एलिस आणि त्याचा सहकारी वूस्टर यांनी जे केलं ते इतकं सरळ आहे की वाचताना वाटतं, हे आपल्यालाही सुचलं असतं! (नसतं सुचलं.) त्यांनी किरणोत्सारी पदार्थ कॅलरीमापीत ठेवला. भिंती एवढ्या जाड, की इलेक्ट्रॉन बाहेर पडू शकत नाही. वाटेत तो कोणाला धडकेना का, सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन भांड्यातच राहणार. मग तापमान किती वाढलं ते मोजायचं आणि एका क्षयामागे किती ऊर्जा आली ते काढायचं. पदार्थ निवडला रेडियम ई, म्हणजे आजच्या नावाने बिस्मथ-२१०. त्यातून गॅमा जवळजवळ निघतच नाहीत.

आता दोन्ही पक्षांचं भाकीत बघा. रेडियम ईच्या इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा सुमारे १० लाख ५० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. माइट्नरबाई बरोबर असतील, तर दर क्षयामागे तेवढी उष्णता मिळायला हवी. एलिस बरोबर असेल, तर टेकडीची सरासरी, म्हणजे सुमारे ३ लाख ९० हजार. १९२७ मध्ये निकाल छापून आला: सुमारे ३ लाख ५० हजार, चूक दहा टक्क्यांच्या आसपास. एलिस जिंकला.

माइट्नरबाईंना हे पचायला जड गेलं. पण त्यांनी आदळआपट केली नाही. विल्हेल्म ऑर्थमान यांच्यासोबत अधिक काटेकोर उपकरण बनवलं, स्वतः मोजलं, आणि १९३० मध्ये जवळपास तोच आकडा जाहीर केला. आता पळवाट उरली नाही. दर क्षयामागे सरासरी जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा गायब होती. ती कॅलरीमापीत नव्हती, इलेक्ट्रॉनमध्ये नव्हती, गॅमामध्येही नव्हती.

बोर: नियमच सोडून देऊ

बोरने यापूर्वीही एकदा असा प्रयत्न केला होता. १९२४ मध्ये क्रामर्स आणि स्लेटर यांच्यासोबत त्याने असं मांडलं होतं, की प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या एकेका घटनेत ऊर्जा तेवढीच राहत नाही, फक्त हजारो घटनांच्या सरासरीत राहते. वर्षभरातच बोथे आणि गायगर यांनी प्रयोगाने ती कल्पना मोडीत काढली.

मग चार-पाच वर्षांनी तो पुन्हा तिकडेच का वळला? हट्ट म्हणून नव्हे. तेव्हा समज होता की केंद्रकात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन कोंबलेले असतात. या चित्रातून चुकीची उत्तरं येत होती. केंद्रकाच्या आत पुंजभौतिकीच कोलमडते की काय, असं भल्याभल्यांना वाटत होतं. तिथे इतकं काही मोडत असेल, तर ऊर्जेचा नियम मोडायला काय हरकत आहे? मे १९३० मध्ये लंडनला केमिकल सोसायटीपुढच्या फॅरडे व्याख्यानात बोरने सांगून टाकलं, की बीटा-क्षयात ऊर्जेचा नियम धरून ठेवायला प्रयोगाचा किंवा सिद्धांताचा कुठलाही आधार आज आपल्याकडे नाही. ताऱ्यांना एवढी ऊर्जा कुठून मिळते याचं उत्तरही कदाचित इथेच असेल, असंही त्याच्या मनात घोळत होतं.

मला यातला प्रामाणिकपणा आवडतो. बोर एका अर्थी असं म्हणत होता: खजिनदारसाहेब, यावेळी नवं खातं नको. तूट आहे तर तूट लिहा.

पाउली: एक न दिसणारं खातं

वोल्फगांग पाउलीला हे अजिबात मान्य नव्हतं. ४ डिसेंबर १९३० ला त्याने झुरिकहून, ट्यूबिंगेनला जमलेल्या किरणोत्सार-संशोधकांना एक पत्र लिहिलं. गायगर आणि माइट्नर त्या बैठकीला होते. स्वतः का येत नाही, याचं कारण त्याने दिलं की झुरिकमध्ये नाचाचा कार्यक्रम आहे! पत्राचा सूर थट्टेचा होता, पण आतला मजकूर गंभीर होता. इलेक्ट्रॉनसोबत दर वेळी आणखी एक कण निघत असावा. विद्युतभार नाही, वस्तुमान अगदी कमी, म्हणून कोणाला दिसत नाही. दोघे मिळून ठरलेली ऊर्जा वाटून घेतात. कधी इलेक्ट्रॉनला जास्त, कधी त्या दुसऱ्याला. म्हणून टेकडी.

आता तुम्ही म्हणाल, हा तर तोच खजिनदार! रक्कम गायब झाली, म्हणून न दिसणारा माणूस घेऊन गेला म्हणे. पाउलीलाही याची पुरती जाणीव होती. त्याने ही कल्पना छापायला दिली नाही, पत्रातही हा अगतिकतेचा उपाय आहे असंच लिहिलं.

पण एक फरक होता. पाउलीचा कण दोन तुटी भरून काढत होता. ऊर्जेशिवाय दुसरी तूट होती कोनीय संवेगाची, म्हणजे सोप्या भाषेत कणांच्या गिरकीची. नायट्रोजनच्या केंद्रकात तेव्हाच्या समजुतीप्रमाणे १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, म्हणजे २१ कण. प्रत्येकाची गिरकी अर्धी, त्यामुळे विषम बेरजेत एक अर्धा उरायलाच हवा. वर्णपट मात्र सांगत होता की नायट्रोजनचं केंद्रक पूर्णांकवाल्यांपैकी आहे. पाउलीला वाटलं, आपला कण केंद्रकात धरला तर तेही सुटेल. इथे त्याचा तपशील चुकला. तो प्रश्न सोडवला १९३२ मध्ये सापडलेल्या न्यूट्रॉनने, आणि न्यूट्रॉन शोधला कोणी? पुन्हा आपला चॅडविक! पाउलीनेही आपल्या कणाला न्यूट्रॉनच म्हटलं होतं. नाव दुसऱ्यालाच मिळाल्यावर रोममध्ये फर्मीच्या मंडळींनी याला लाडाने इटालियन नाव दिलं, न्यूट्रिनो, म्हणजे 'छोटा तटस्थ'. पण बीटा-क्षयातला गिरकीचा हिशेब मात्र न्यूट्रिनोशिवाय आजही जुळत नाही.

किराणा दुकानातला पुरावा

आता खरा प्रश्न. बोर आणि पाउली, दोघांपैकी कोण बरोबर हे तो कण न पकडता ठरवता येईल का? येईल, आणि तेही बरंचसं १९३३ मध्येच ठरलं.

समजा, तुम्ही किराणा दुकानातून एकेक किलोची हजार पाकिटं आणली आणि घरी प्रत्येक पाकीट तोललं. वजनं वेगवेगळी भरली. दुकानदार म्हणतो, 'माझा काटा डळमळीत आहे हो, कधी कमी, कधी जास्त, सरासरीत बरोबर.' पण तुम्ही बघता तर काय, ९५० ग्रॅमचं पाकीट आहे, ४०० चं आहे, १०० चंसुद्धा आहे. पण १००० च्या वर एकही नाही. मग काटा डळमळीत नाही. प्रत्येक पाकिटातून कोणीतरी थोडं थोडं काढून घेतंय.

बीटाच्या टेकडीला उजवीकडे असाच स्पष्ट शेवट होता. ऊर्जा फक्त सरासरीत राखली जात असती, तर काही इलेक्ट्रॉन त्या मर्यादेपलीकडे दिसायला हवे होते. पण मुळात पाकीट 'एक किलो'चं होतं हे कशावरून? इथे एलिस आणि नेव्हिल मॉट यांचा १९३३ चा निबंध कामाला येतो. थोरियम सी (बिस्मथ-२१२) दोन वेगळ्या वाटांनी एकाच मुक्कामाला, शिसे-२०८ ला पोहोचतो. एका वाटेवर आधी बीटा, मग अल्फा. दुसऱ्या वाटेवर आधी अल्फा, मग बीटा आणि गॅमा. सुरुवात एक, शेवट एक, तेव्हा दोन्ही वाटांची बेरीज सारखी यायला हवी.

आजचे काटेकोर आकडे घालून बघू, दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये, अल्फा सोडताना मागे ढकलल्या जाणाऱ्या केंद्रकाची ऊर्जाही धरून. पहिली वाट: बीटाची कमाल ऊर्जा २.२५ अधिक अल्फाचे ८.९५, एकूण ११.२०. दुसरी वाट: अल्फाचे ६.२१, बीटाची कमाल १.८०, गॅमांचे ३.२०, एकूण ११.२१. जुळलं! बीटाची सरासरी ऊर्जा घालून बघाल, तर दोन्ही बेरजा जुळत नाहीत. म्हणजे केंद्रक दर वेळी कमाल ऊर्जेएवढीच रक्कम वहीतून वजा करतं. इलेक्ट्रॉनच्या हाती त्यातला काही भागच लागतो.

जूलच्या पाणी-पारा-बिडासारखंच झालं हे. वेगळ्या वाटेने गेलं तरी रक्कम तीच.

त्याच वर्षाच्या शेवटी एनरिको फर्मीने पूर्ण सिद्धांत मांडला. त्याने टेकडीचा नेमका आकारच गणिताने काढून दिला. 'नेचर'ने तो निबंध परत पाठवला होता, हे आज वाचताना गंमत वाटते. १९३६ मध्ये एका अमेरिकन प्रयोगाने ऊर्जेच्या नियमावर पुन्हा शंका घेतली आणि डिरॅकसारखा माणूसही क्षणभर डगमगला. पण फेरप्रयोगात तो निकाल टिकला नाही. त्यातला एक फेरप्रयोग बोरच्याच कोपनहेगनच्या संस्थेत झाला होता. त्यानंतर बोरने 'नेचर'मध्ये टिपण लिहून मान्य केलं, की ऊर्जेच्या नियमावर संशय घ्यायचं आता कारण उरलेलं नाही. दोनदा चुकीचा ठरलेला माणूस दोन्ही वेळा प्रयोगापुढे वाकला.

१९५६: चोर पकडला

तरीही पाकिटातून साखर काढणारा हात कोणी पाहिला नव्हता. १९३४ मध्ये बेथे आणि पायर्ल्स यांनी गणित करून सांगितलं की न्यूट्रिनो घन पदार्थातून १०,००,००,००,००,००,००,००० किलोमीटर, म्हणजे सुमारे हजार प्रकाशवर्षं, आरामात पार जाईल. पकडणार कसा?

उत्तर होतं संख्येत. एक न्यूट्रिनो सापडायची शक्यता नगण्य, पण अणुभट्टीतून ते अब्जावधींनी निघतात. अमेरिकेच्या फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कावन यांनी आधी चक्क अणुबॉम्बच्या स्फोटाजवळ उपकरण पुरायचा बेत केला होता. नंतर अणुभट्टीच बरी, असं ठरलं. साउथ कॅरोलिनातल्या सव्हाना रिव्हरच्या अणुभट्टीखाली त्यांनी कॅडमियम क्लोराइड मिसळलेल्या पाण्याच्या टाक्या ठेवल्या. प्रति-न्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला, की एक पॉझिट्रॉन आणि एक न्यूट्रॉन तयार होतो. पॉझिट्रॉन लगेच विझून गॅमाची जोडी देतो, आणि काही मायक्रोसेकंदांनी न्यूट्रॉन कॅडमियममध्ये शोषला जाऊन दुसरा झोत येतो. झोत, छोटासा थांबा, पुन्हा झोत: ही त्याची सही. अशा घटना मिळाल्या तासाला जेमतेम तीन, आणि त्या अणुभट्टी चालू असल्याबरहुकूम कमी-जास्त होत होत्या.

१४ जून १९५६ ला त्यांनी पाउलीला तार केली. चॅडविकच्या टेकडीनंतर ४२ वर्षांनी वहीतली तूट भरून निघाली. पाउली त्यानंतर अडीच वर्षांनी गेला. राइन्सला नोबेल मिळालं १९९५ मध्ये. कावन त्याआधीच वारला होता.

पुढे १९६५ मध्ये आपल्याकडचा एक धागा येऊन मिळतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांसोबत, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोल उपकरणं लावून, वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइन्सच्या गटानेही ते टिपले. जगात प्रथमच.

मग तो खजिनदार?

आता सुरुवातीच्या शंकेकडे येऊ. तूट आली की नवं खातं उघडणं, ही हातचलाखी आहे का? माझं उत्तर असं: खातं उघडणं म्हणजे फक्त उधारी घेणं. पाउलीने १९३० मध्ये उधारी घेतली. तिचा एकेक हप्ता फिटत गेला: टेकडीचा स्पष्ट शेवट, दोन वाटांच्या सारख्या बेरजा, फर्मीचा आलेख, आणि शेवटी सव्हाना रिव्हरमधले तासाला तीन झोत. यातल्या कुठल्याही टप्प्यावर हिशेब फसू शकला असता, आणि मग बोरचं म्हणणं मान्य करावं लागलं असतं. म्हणूनच शाळेतलं ते वाक्य मला आता पाठांतर वाटत नाही. ते पणाला लागलं होतं आणि टिकलं.

टेकडीचा तो उजवीकडचा शेवट अजूनही कामाचा आहे. न्यूट्रिनोला थोडं जरी वस्तुमान असेल, तर शेवट अगदी किंचित अलीकडे सरकेल. जर्मनीत कार्ल्सरुहच्या 'कॅट्रिन' प्रयोगात ट्रिटियमच्या बीटा-क्षयाचा शेवट याच कारणासाठी मोजतात. २०२२ मध्ये त्यांनी दाखवलं की न्यूट्रिनोचं वस्तुमान ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी असायला हवं. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान त्याच मापात ५ लाख ११ हजार आहे, यावरून कल्पना करा. एवढी बारीक नोंद कशी घेतात, ते पुढच्या लेखात सविस्तर सांगेन.